परक्या बंदरातून आलेले दोनशे अकरा आक्षेप

त्या प्रकरणाची फाइल जेमतेम चाळीस पानांची होती, पण आजही ती मला पानन्‌पान पाठ आहे. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटला की लोक खून, दरोडा, टोळी असं काहीतरी ऐकायच्या तयारीने बसतात. मी हे प्रकरण सांगायला घेतलं की त्यांचा थोडा हिरमोड होतो, कारण यात रक्त सांडलं नाही आणि कुणाच्या हातात बेडीही पडली नाही. तरी कुठल्या तपासाने सगळ्यात जास्त आनंद दिला असं विचारलं तर मी हाच सांगतो. आणि सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं विचारलं तरी उत्तर हेच आहे.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला समुद्र. सकाळी कंपनीच्या गेटवरची हाणामारी हिंदीतून यायची आणि दुपारी जाळी तोडल्याचं भांडण किनाऱ्यावरच्या बोलीतून. दोन्ही ऐकून घ्यायची सवय झाली होती.

त्या दिवशी हजेरी घेतली, स्टेशन डायरी चाळली आणि चहाचा कप उचलला, तोच किनाऱ्यावरच्या एका गावातले दहा-बारा मच्छीमार आत शिरले. पुढे त्यांचे म्होरके, वयाने सत्तरीचे तांडेल. आयुष्यभर बोटीवर हुकूम सोडलेला माणूस. ठाण्यातही तसाच बोलत होता.

"साहेब, आमच्या सोसायटीच्या बाईनं गाव विकलं. लिवून घ्या."

मी सगळ्यांना बसवलं आणि एकेकाला बोलू दिलं. प्रकार असा होता. एका कंपनीची सांडपाण्याची पाइपलाइन समुद्रात जायची होती आणि नकाशात ती थेट गावाच्या मासे सुकवायच्या मैदानातून नेली होती. बोंबील, मांदेली, सगळं याच मैदानावर सुकतं आणि गावातल्या बायका ते पालघर-बोईसरच्या बाजारात विकतात. मैदान गेलं की अर्ध्या गावाच्या चुली थंड. पालघरच्या एका सरकारी कार्यालयाने आक्षेप मागवले होते, तेही फक्त ई-मेलने आणि ठरलेल्या मुदतीत. गावाने ते काम मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंवर सोपवलं. मुदत संपली, आक्षेपांची यादी लागली. गावाच्या नावापुढे एकच शब्द होता: निरंक.

"निरंक म्हंजी एकपण नाय ना, साहेब?" तांडेलांनी विचारलं.

"एकपण नाही," मी म्हटलं.

"आमी दोनशे अकरा बोटवाल्यांनी सह्या दिल्यात. मग गेल्या कुटं?"

विश्वासघात आणि फसवणूक, असा त्यांचा अर्ज होता. सेक्रेटरीबाई गावातलीच मुलगी, पस्तिशीची, पालघरच्या कॉलेजातून पदवी घेतलेली. सोसायटीच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. अर्जाला आवक क्रमांक दिला आणि चौकशी माझ्याकडेच ठेवली. आक्षेपांवरच्या सुनावणीला तेव्हा अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, ती बाई त्या कंपनीच्या गेटातून दोन वेळा आत गेलेली हाय. माज्या डोळ्यानं बघितलंय."

खरं सांगायचं तर तिथेच माझ्या डोक्यात प्रकरण निकाली निघालं होतं. कंपनीला फायदा, बाई कंपनीत गेलेली, आक्षेप गायब. पोलिसाला तीन टिंबं दिसली की तो रेघ मारून मोकळा होतो. मी तरी मारली.

महिला कॉन्स्टेबल पाठवून बाईंना जबाबासाठी बोलावलं. त्या आल्या, समोर बसल्या आणि पिशवीतून एक शंभरपानी वही काढून टेबलावर ठेवली. वहीत दोनशे अकरा बोटींची नावं होती. प्रत्येकीपुढे मालकाची सही, मेल पाठवल्याची वेळ आणि एक बरोबरची खूण.

"एकच अर्ज करून खाली सगळ्यांच्या सह्या का नाही घेतल्या?" मी विचारलं. "दोनशे अकरा वेळा तेच तेच कशाला?"

"आमच्यात बोटीमागं एक बोलणं असतं, साहेब. सभेतपण बोटीचं नाव घेऊन हात वर करतात. एकाच कागदावर सगळ्यांना घातलं असतं तर लोकांनी मला तवाच हाकललं असतं. म्हणून बोटीबोटीचा वेगळा मेल केला. वर बोटीचं नाव, खाली मालकाचं."

"कंपनीत कशाला गेला होतात?"

"नकाशाची प्रत आणायला. पयल्या दिवशी दिली नाय, म्हणून परत गेले."

मी जुनी पद्धत वापरली. तेच प्रश्न उलट्या क्रमाने विचारले, मध्येच वेगळा विषय काढला, परत मूळ मुद्द्यावर आणलं. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या फेरीत कुठेतरी घसरतो. बाई घसरल्या नाहीत. त्याचाही मी उलटाच अर्थ लावला: चांगलीच पढवलेली दिसते. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "बाई, पाठवलं असतं तर पोचलं असतं. सरळ हिशेब आहे."

त्या रडल्या नाहीत. चिडल्या. "पाठवलंय मी, साहेब. पोचलं का नाय ते माज्या हातात नाय. मुदतीआधी दोन वेळा त्या हापिसात फोन केला, तर म्हणाले यादी लागल तवा कळंल. आज माझी आय बाजारात बसली तर शेजारच्या बायका टोपली उचलून लांब बसतात. चाळीस वर्षं ती तिकडं बसतेय. हेपण लिवा जबाबात, जसंच्या तसं लिवा."

जबाब लिहून घेणाऱ्या माझ्या रायटरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने जसंच्या तसं लिहिलं.

कंपनीच्या गेटवरचं रजिस्टर मागवलं. दोन्ही नोंदी सापडल्या. दोन्हींपुढे 'नकाशाची प्रत' असं लिहिलेलं आणि दुसरीपुढे प्रत मिळाल्याची बाईंची सही. खबऱ्याने पाहिलं होतं ते खरं होतं, पण त्यातून मी काढलेला अर्थ माझा होता. माझं एक टिंब तिथेच पुसलं गेलं.

मग पालघर गाठलं. नव्या जिल्हा मुख्यालयाच्या त्या इमारतींमध्ये अर्धा दिवस या मजल्यावरून त्या मजल्यावर गेला. संबंधित कार्यालयातल्या लिपिकाने माझ्यासमोर मेलबॉक्स उघडून दाखवला. बेटेगावहून आलेला आक्षेप होता, पाम गावाहून आलेले दोन होते, आमच्या गावाचा खरोखरच एकही नव्हता. माणूस सरळ दिसत होता. म्हणाला, "साहेब, आलं असतं तर मी कशाला लपवू? मला उलट यादी भरलेली दाखवायला बरं."

म्हणजे पाठवणारी म्हणते पाठवलं, घेणारा म्हणतो आलं नाही, आणि दोघांच्याही डोळ्यांत खोटं दिसत नाही. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशा वेळी मी एकच केलं आहे: मधला माणूस शोधायचा. चोरीच्या मालात मध्ये टेम्पोवाला असतो, इथेही कुणीतरी असणार.

तो बोईसरला स्टेशनजवळ सापडला. संगणक दुरुस्ती, वेबसाइट, झेरॉक्स असं सगळं एका गाळ्यात करणारा दुकानदार. सोसायटीच्या नावाचा मेलचा पत्ता त्यानेच काढून दिला होता. फुकटच्या खात्यावरून इतके मेल एकदम जात नाहीत, म्हणून बाईंनी सोसायटीचा हा पत्ता वापरला होता. दुकानदार घाबरलेला होता, पण पोलीस दारात आल्यावर कोण घाबरत नाही? त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"साहब, ये देखो. दो सौ ग्यारह के दो सौ ग्यारह डिलिव्हर. हरा टिक है. मेरी तरफ से काम पूरा."

हिरव्या खुणांची रांग बघून मी परत आलो. आता तर तिघंही खरं बोलत होते आणि मला डोकं आपटावंसं वाटत होतं. हवालदार म्हणाला, "साहेब, सायबर सेलला पाठवून द्या." पाठवलं असतं तर उत्तर यायला सुनावणी उलटली असती. म्हणून मी पाठवलं नाही. थोडा हट्टही होता, तो नाकारत नाही.

गुंता सुटला तो तांडेलांमुळे. ज्यांनी अर्ज दिला त्यांच्यामुळेच.

अर्जदाराचा सविस्तर जबाब राहिला होता, म्हणून त्यांना बोलावलं. ते उशिरा आले आणि आल्या आल्या आमच्याच खात्यावर घसरले. झालं असं होतं, की गेल्या आठवड्यात त्यांच्या बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. वाऱ्याने त्यांना उत्तरेला गुजरातच्या एका बंदरात नेऊन टेकवलं. तिथे दुरुस्ती करून ते तिथूनच घरी निघाले, तर आपल्याच किनाऱ्यावर सागरी पोलिसांनी बोट अडवली.

"बोट माझी, नाव रंगवलेलं आमच्या देवीचं, कागद इकडचे, माणसं इकडची. पण तुमचे लोक म्हणतात, निघालात कुठून? इथल्या रजिस्टरात नोंद नाय. परक्या बंदरातून आलात म्हणून अर्धा दिवस बाजूला बांधून ठेवली. नाय सोडली, नाय परत पाठवली. बर्फ वितळला माझा."

मला हसू आलं. किनाऱ्यावरून निघणाऱ्या प्रत्येक बोटीची नोंद होते आणि बोट कुठून निघाली हा पहिला प्रश्न असतो. तो नियम मीच कितीदा माझ्या माणसांना घोकायला लावला होता. मी तांडेलांना तेच समजवायला लागलो, "अहो, बोट तुमची असली तरी ती निघाली कुठून ते बघावंच लागतं," आणि वाक्याच्या अर्ध्यावर थांबलो.

नाव इकडचं. कागद इकडचे. बाजूला बांधून ठेवली. सोडली नाही, परतही पाठवली नाही.

"तांडेल," मी उठत म्हणालो, "तुमचा जबाब नंतर घेतो. चला माझ्याबरोबर."

हवालदाराला घेऊन गाडी काढली. वाटेत सेक्रेटरीबाईंनाही घेतलं. तांडेल त्यांच्याकडे न बघता खिडकीबाहेर पाहत बसले. बोईसरच्या त्या गाळ्यात शिरल्यावर मी दुकानदाराला एकच प्रश्न केला. "सोसायटीचे मेल कुठून निघाले?"

"यहीं से, साहब. बोईसर से."

"बाई बोईसरला बसल्या होत्या, ते मला माहीत आहे. मेल पाठवणारं यंत्र कुठे बसलं होतं?"

तो खाली बघायला लागला. मी स्टूल ओढून समोर बसलो. दोन मिनिटांत तो आपण होऊन बोलता झाला.

"साहब, पहले सर्वर मुंबई में था. पिछले महीने सब कस्टमर का मेल मैंने बाहर के सर्वर पे डाल दिया. उधर का पॅकेज सस्ता है. किसी को बताया नहीं. मेल जाता तो है ना, साहब! मुझे क्या पता?"

कुठला देश, ते सांगत नाही. त्या देशाचा यात काही दोष नव्हता. हजारो मैलांवरचं एक यंत्र, ज्याच्यावरून जगभरातले भाडेकरू मेल पाठवत होते, त्यात कचरा पाठवणारेही होते. आमच्या गावच्या बोटींची नावं त्या यंत्रावरून निघाली होती.

मी तिथेच प्रयोग केला. एकच मजकूर दोनदा लिहिला. एक मेल सोसायटीच्या पत्त्यावरून पाठवला, दुसरा आमच्या ठाण्याच्या पत्त्यावरून. पालघरच्या त्या लिपिकाला फोन लावून चालू ठेवला. ठाण्याचा मेल मिनिटभरात त्याच्यासमोर आला. सोसायटीचा आला नाही. दुकानदाराच्या स्क्रीनवर मात्र त्याच्यापुढे हिरवी खूण उमटली.

"बगितलंत?" बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही, पण तांडेलांनी मान फिरवून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

तसेच पालघरला गेलो. या वेळी लिपिकाकडे न जाता संगणक विभागाच्या अधिकाऱ्यांना भेटलो. चष्मा लावलेली, कमी बोलणारी तरुण बाई. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही आणि शेवटी म्हणाल्या, "सर, तो मेल आमच्या दारापर्यंत आला असणार. दारावरच्या यंत्राने तो घेतला, म्हणून तिकडे हिरवी खूण. पण आत सोडला नाही. नाव पालघरच्या सोसायटीचं, यंत्र परदेशातलं, सोसायटीच्या नावाने कुठल्या यंत्राने मेल पाठवायचे त्या नोंदीत ते कुठेच नाही, त्या यंत्राच्या पत्त्याची बदनामी आधीच झालेली, आणि तासाभरात एकसारखे दोनशे मेल. एवढं जमलं की आमचं यंत्र ते बाजूला ठेवतं. करोनात माणसं ठेवायचे ना, तसं विलगीकरणात. पाठवणाऱ्याला कळवत नाही, कारण फसवे मेल पाठवणाऱ्याला खबर द्यायची नसते."

"म्हणजे ते अजून इथेच आहेत?"

"बघायला हवं. तीस दिवस झाले की ते आपोआप पुसले जातात. कधी पाठवले होते?"

सेक्रेटरीबाईंनी वही उघडून तारीख दाखवली. अधिकारीबाईंनी बोटांवर मोजलं. तो अठ्ठाविसावा दिवस होता.

त्यांनी पासवर्ड टाकला, यादी उघडली आणि गावाचं नाव शोधलं. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे. मी, माझा हवालदार, तांडेल आणि बाई. स्क्रीन भरली. मग खाली सरकली, परत भरली. प्रत्येक ओळीत एका बोटीचं नाव, तारीख, वेळ. बाईंनी वही उघडून पहिली वेळ ताडून पाहिली. जुळली. दुसरी जुळली. कोपऱ्यात आकडा होता: दोनशे बारा. दोनशे बारावा अर्थातच माझा प्रयोगाचा मेल होता.

तांडेलांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता. त्यांनी विचारलं, "माझी हाय का त्यात?"

बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही बगा काका. तुमचीच पयली पाठवली होती."

म्हातारा तिथेच खुर्चीवर बसला. मला इतका आनंद झाला होता, की सरकारी कार्यालयात मी हवालदाराच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि बिचारा दचकला. बत्तीस वर्षांत खुनी पकडले, पळालेले पकडले, पण त्या दिवशीसारखी छाती फुगल्याचं आठवत नाही.

पुढचं सगळं कागदावरचं काम होतं आणि ते मी स्वतः केलं. दोन पंचांसमक्ष पंचनामा केला, प्रत्येक मेलची मूळ नोंद छापून त्यांचा वेगळा गठ्ठा केला, अधिकारीबाईंचं प्रमाणपत्र जोडलं. आक्षेप मुदतीत कार्यालयाच्या दारात आले होते, हे त्यांच्याच यंत्राने लिहून ठेवलं होतं, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येईना. दोन दिवसांत सुधारित यादी लागली. निरंक खोडून दोनशे अकरा झाले. दुकानदारावर गुन्हा बनत नव्हता. बेफिकिरीला कलम नसतं. त्याला ठाण्यात बोलावून अर्धा तास मी माझ्या भाषेत समजावलं आणि त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगण्याचं कबूल केलं.

चौकशी अहवालाचा आमचा ठरलेला शेवट असतो: 'अर्जात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' ते लिहिलं आणि पेन खाली ठेवता येईना. ज्या बाईच्या आईपासून लोक टोपल्या लांब करत होते, तिला या वाक्यात काय मिळणार होतं? म्हणून पुढे आणखी एक ओळ लिहिली: 'सदर महिलेने सोपवलेले काम चोख आणि मुदतीत पार पाडले आहे.' वरिष्ठांनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, सर, खरं आहे म्हणून. त्यांनी सही केली. ती प्रत मी स्वतः गावात नेऊन देवळासमोरच्या सभेत वाचली आणि वाचून झाल्यावर सगळ्यांसमोर बाईंना म्हणालो, की मीही तुम्हाला खोटं ठरवलं होतं, माझं चुकलं. गणवेशात हे बोलायला जड गेलं, पण बोललो.

सुनावणीला मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. बंदोबस्त दुसऱ्याकडे होता. मांडव गच्च भरलेला. व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी दोनशे अकरा छापील पानांचा गठ्ठा पाहिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मजकूर सारखाच आहे. हा एकच संयुक्त आक्षेप धरू या का? सगळ्यांचा वेळ वाचेल."

तांडेल उभे राहिले. "नाय, साहेब. आमच्या पोरीनं एकेक पाठवलंय. तुमी एकेक वाचा."

आणि वाचावं लागलं. बोटीचं नाव पुकारलं की मालक उभा राहायचा, पुढचं पुकारलं की पुढचा. उभा राहिलेला खाली बसत नव्हता. दीड तासाने सगळा मांडव उभा होता. मागच्या बाजूला बायकांमध्ये सेक्रेटरीबाईंची आई होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिला चिकटून उभ्या होत्या. पाइपलाइनचा मार्ग पुढे बदलला, ती आता मैदानाला वळसा घालून जाते.

या प्रकरणाने मला शिकवलं ते संगणकाबद्दल थोडंच आहे. मेल कुठल्या यंत्रातून निघतो, कुठल्या देशातून येतो, यावर तो कुणाच्या टेबलावर पडेल की कोपऱ्यात पडून पुसला जाईल हे ठरतं, एवढं मला कळलं आणि आता मी लोकांना सांगतो, की महत्त्वाचं काही पाठवलंत तर समोरच्याला फोन करून 'उघडलं का' विचारा. हिरव्या खुणेवर जाऊ नका. पण खरी शिकवण माझ्या धंद्याची होती. पोचलं नाही, म्हणून पाठवलंच नाही, असा निष्कर्ष मी किती जबाबांवर काढला असेन! तक्रार केली होती म्हणणारी माणसं, कळवलं होतं म्हणणारी माणसं, आणि टेबलामागे बसून 'आमच्याकडे नोंद नाही' म्हणणारा मी. त्या बाईंकडे वही होती, तांडेलांकडे बोटीची हकिकत होती आणि नशिबाने दोन दिवस शिल्लक होते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यांना मी काय उत्तर दिलं असेल, ते मला आठवत नाही. त्यांना मात्र नक्की आठवत असेल.